हलीमाबीचा गोल रस्ता

हलीमाबी रोज सकाळी कुणाला ना कुणाला मोटारीत बसवून पिनांगच्या बेटावरून फिरवून आणायची. मोटार नव्हतीच. पिनांग कुठं, तर समुद्रापार मलायाच्या अंगाला, आणि त्या दिवसांत तिथं जपान्यांचा अंमल. आमची हलीमाबी मात्र कर्जतला भावाच्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. समोरून जी बाई जाईल तिला ती थांबवायची, वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "तुला पहाटेच काढायला पायजे. तुला ऊन सोसायचं नाय. डाव्या बाजूला बसवीन, समुद्राच्या अंगाला." आवाज कसा, तर तांदळातले खडे मोजावेत तसा. हसू नाही, हळहळ नाही. ती बाई पाण्याला निघालेली असायची, घागर कमरेवर तशीच ठेवून ऐकत उभी राहायची.

लढाई सुरू झाली त्या सुमाराला मी लग्न होऊन कर्जतला आले. आमचं घर शेतकऱ्याचं, उल्हास नदीच्या वाटेवर. मधे एक कुडाची वई, म्हणजे कुंपण, पलीकडे गफूरभाईचं घर. गफूरभाई म्हणजे हलीमाबीचा थोरला भाऊ. त्याच्याकडे एक जुनी मोटार होती, कर्जतहून चौक गावापर्यंत माणसं न्यायचा. पेट्रोल मिळेना तेव्हा त्यानं मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. ती पेटवायला निम्मी सकाळ जायची. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "गफूरची मोटार चुलीवर चालते. वर भाकरी टाकली तर चौकपातूर भाजून व्हईल."

हलीमाबीचा नवरा इब्राहीम. बोटीवर खलाशी म्हणून गेला, पिनांगला उतरला, मोटार चालवायला शिकला आणि तिथलाच झाला. मागाहून हिला घेऊन गेला. तिथल्या बंदरात मोठ्या बोटी लागायच्या, एक दिवस थांबायच्या. बोटीवरचे पाहुणे उतरले की त्यांना सबंध बेट दाखवून बोट सुटायच्या आत परत आणायचं, हे इब्राहीमचं काम. गाडी हाकायला तो पक्का. पण कुणाला कुठं आधी न्यावं, कुठं थांबावं, कुठं खायला घालावं, हे त्याला सुचायचं नाही. ते हलीमाबी ठरवायची. सकाळी बंदराच्या फाटकाशी उभी राहून पाहुण्यांची तोंडं बघायची आणि नवऱ्याला आमच्या भाषेत सांगायची, म्हणजे त्यांना कळायला नको. "म्हातारीला उलटी व्हनार हाय, घाटात सावकाश घे. त्या उंच साहेबाला भूक लवकर लागते, त्याला आदी केळी दे." ती म्हणायची, "रस्ता त्येचा, दिवस माझा."

आई आजारी म्हणून ती कर्जतला आली. आई गेली. चाळिसावा करून परत जायचं ठरलं होतं, तेवढ्यात जपान लढाईत उतरला आणि बोटी बंद झाल्या. पत्र नाही, तार नाही. पोरबाळ नव्हतं. इब्राहीम तिकडं, ही इकडं. तो जिता आहे की नाही, एवढंच तिला कळायचं होतं, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं. ती मात्र त्याबद्दल बोलायची नाही. विचारलं तर म्हणायची, "बेटावर माणूस हरवत नाय. रस्ता गोल हाय. कुठनं बी निगाला तरी घरी येतो."

आता आमच्याकडे बेट म्हटलं की बांबूचं. परसात प्रत्येकाच्या एक बेट. पाण्यातल्या बेटाला बेट म्हणतात हे सासूबाईंना काय ठाऊक! पहिल्यांदा हलीमाबी म्हणाली, "आमचा मालक मोटारीनं बेटाला फेरी मारून आनतो लोकांना," तेव्हा सासूबाईंनी आमच्या परसातल्या बांबूकडं बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला मोटार कशाला गं? मी लुगडं आवरून चार ढांगांत फेरी मारते."

"हे बेट नाय हो मावशी. समुद्रातलं."

"समुद्रात बांबू लावतात?"

शेवटी हलीमाबीनं परात मागून घेतली, तीत पाणी ओतलं, मधे वाटी पालथी घातली आणि वाटीच्या कडेकडेनं बोट फिरवलं. सासूबाईंना पटलं. पण तोवर गोष्ट बाजारात गेली होती. भाजीवाल्या बायका कितीतरी दिवस विचारायच्या, "हलीमाबी, मालक अजून बेटातच हाय काय?" त्यांच्या मनात बांबूचं रान, त्यात चुकलेला माणूस. ती शांतपणे म्हणायची, "व्हय, तितंच हाय." कुणाला कधी समजावत बसली नाही.

सासूबाईंना ती सापांच्या देवळात न्यायची. पिनांगला चिनी लोकांचं असं एक देऊळ आहे म्हणे.

"जित्ते साप?"

"जित्ते. हिरवेगार. उदाच्या धुरानं गुंगलेले. तिवईवर, झाडीवर, कुटं बी पडलेले."

"आनि पुजारी?"

"पुजारी झाडलोट करतो. साप बाजूला सारतो न झाडतो."

"मग मला नको तिथं. माझ्या घरात झाडायला मी एकटी हाय, त्यात साप कुठं सारू?" असं म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वईपाशी जाऊन विचारायच्या, "हलीमे, आज कुठं नेतेस?"

मला तिनं कधी काही दाखवलं नाही. माझं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. मी कामं करत होते, जेवत होते, पण मी कुठं होते ते माझं मला ठाऊक नव्हतं. सगळ्या आळीला फिरवून झालं तेव्हा मीच विचारलं, "आणि मला गं?" तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तुला काय दाखवायचं नाय, शेवंते. तुला खिडकीशी बसवायचं न कुनी बोलायचं नाय. अशी मानसं येतात बोटीवरनं. त्यांना देऊळ दाखवलं, बाग दाखवली, तर त्यांना शीण व्हतो. त्यांना नुसतं फिरवायचं." मग तिनं सूप उचललं आणि पुन्हा निवडायला लागली. माझ्या सख्ख्या माणसांनी मला इतके उपदेश केले होते त्या दिवसांत, त्यांतला एक आता आठवत नाही.

तिचे काही कायदे होते. सुंदर जागा आधी दाखवायची नाही, नाहीतर माणूस दिवसभर तिच्याशी तोलत बसतो. जेवण पाण्याजवळ द्यायचं. आल्या वाटेनं परत जायचं नाही, कारण बघितलेलं पुन्हा बघताना माणसाला घर आठवतं आणि तो गप्प होतो. आणि जे अवघड असेल ते बरोबर अर्ध्या वाटेवर ठेवायचं. पिनांगला अर्ध्या वाटेवर डोंगर होता, जायफळाच्या बागांतून वळणं घेत जाणारा. तिथं पाहुणे घाबरायचे, गाडी फिरव म्हणायचे. "मंग मी इब्राहीमला शिकवलं व्हतं, सांग त्यांना, हितनं मागं गेलात काय, पुढं गेलात काय, वाट तेवढीच हाय. मंग कुनी परत फिरत नाय."

लढाई संपली. बोटी सुरू झाल्या. पत्र आलं नाही. गफूरभाई मुंबईला गोदीवर जाऊन खलाशांना विचारून यायचा. मग कधीतरी सुगी आटोपल्यावर, वाटा वाळल्यावर, हलीमाबीनं वईपाशी येऊन सासूबाईंना सांगितलं, "मावशी, आपन बायका मोटारीनं फिरायला जायाचं. खरंखुरं."

"पिनांगला?"

"न्हाय. चौक, खालापूर, खोपोली, आनि पळसदरीवरनं घरी. गोल व्हतं. मी बघून ठेवलंय."

आळीत नुसता गोंधळ. मोटारीत सहलीला म्हणून बसायचं, हे आमच्यातल्या एकीनंही केलेलं नव्हतं. कुणाच्या घरून परवानगी मिळेना, कुणाला लुगडं नाही. गफूरभाई कपाळाला हात लावून बसला. "हलीमा, खोपोलीवरनं पळसदरीला रस्ता हाय काय तो? बैलगाडीची वाट ती. गेलो तसं परत येऊ."

"आल्या वाटेनं परत यायचं नाय."

"टायर फाटला तर?"

"तर बायका चालतील. त्यांना पाय हायत."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं सासूबाईंना आणि मला बाजूला घेतलं. खालापूरच्या अलीकडच्या एका वाडीत एक खलाशी परत आला होता. तो पिनांगला होता, जपान आला तेव्हाही होता. गफूरभाईला गोदीवर त्याचा पत्ता लागला होता. त्यानं निरोप धाडला होता की सांगायचं ते बहिणीलाच सांगीन. "त्येचं घर बरोबर अर्ध्या वाटेवर येतं," हलीमाबी म्हणाली. "तुमी दोघी माझ्यासंगं आत या. बाकीच्यांना काय सांगू नका. त्यांचा दिवस हाय."

सासूबाईंनी विचारलं, "एकटी भावाबरुबर का जात नायस?"

"एकटी गेले तर तितंच बसंन, मावशी. उठायची नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. बायकांची दाटी, प्रत्येकीची भाकरी आपापल्या फडक्यात, म्हणजे कुणाचं सोवळंओवळं आडवं यायला नको, हेही हलीमाबीनंच सांगून ठेवलेलं. ज्यांना मळमळतं त्यांना पुढं बसवलं. मला खिडकी दिली. चौकपर्यंत ऊन चढलं नव्हतं. सासूबाई रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला रामराम घालत होत्या, तो ओळखीचा असो नसो. मागच्या बायका गाणी म्हणायला लागल्या. हलीमाबी गफूरभाईच्या शेजारी ताठ बसून, हळू घे, आता थांब, पाणी दे, एवढंच बोलत होती. तिच्या हातांवर कोळशाची काजळी होती आणि तिनं ती पुसली नव्हती.

त्या वाडीशी गाडी थांबली. तिनं बायकांना आंब्याखाली बसायला सांगितलं, गाडी थंड होऊ द्यायची आहे म्हणाली. आम्ही तिघी आणि गफूरभाई आत गेलो.

खलाशी तरणा होता, पण केस पांढरे. त्यानं गूळपाणी पुढं केलं. खाली बघून बोलला. जपान्यांनी मोटारी घेतल्या, मोटारींबरोबर त्या चालवणारेही घेतले. इब्राहीमला, ह्याला, खूप जणांना खाडीपार नेलं, मग आगगाडीनं सयामच्या रानात. तिथं ते रेल्वे बांधत होते. इब्राहीम लारी चालवायचा. दुसऱ्या पावसाळ्यात ताप आला. आठवडाभर होता. ह्यानंच माती दिली.

हलीमाबीनं विचारलं, "लारी मंग कोन चालवायचं?"

"मीच, भाबी."

"तितनं समुद्र दिसत व्हता?"

"समुद्र कुटला! नुसतं रान. बेटं न बेटं, बांबूची. माणूस हातभर लांब गेला तर दिसायचा नाय."

सासूबाईंनी माझा हात धरला. हलीमाबीनं गूळपाणी पूर्ण प्यायलं, भांडं पालथं ठेवलं आणि त्या माणसाला म्हणाली, "तुमी तवा जवळ व्हतात, बरं झालं." गफूरभाई दाराशी रडत होता. बाहेर येऊन म्हणाला, "हलीमा, परत फिरू." तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. म्हणाली, "वाट तेवढीच हाय. चल. बायकांना खोपोलीला जेवायचंय."

आणि तिनं तो दिवस पुरा केला. खोपोलीला तळ्याकाठी बायकांना ओळीनं बसवलं, कुणाला लोणचं नाही तर दुसरीकडून देववलं. डोंगरावरून उतरणारे विजेच्या कारखान्याचे मोठाले नळ दाखवले. एकीनं विचारलं, एवढ्या नळांतून एवढं पाणी कुठं जातं? तर हिनं नीट सांगितलं. पळसदरीच्या वाटेला एका ओढ्यात गाडी रुतली, तेव्हा सगळ्यांना उतरवून ढकलायला लावलं आणि स्वतःही खांदा दिला. बायका हसून हसून चिखलात बसल्या. संध्याकाळी घरी आलो तेव्हा त्या म्हणत होत्या, असा दिवस जन्मात बघितला नाही. आत काय झालं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. एक जण तर रागावली, आम्हाला हसू का दिलंस म्हणून.

घरी आल्यावर तिनं भावजयीला सांगितलं, मी उद्यापासून इद्दतीला बसते. इद्दत म्हणजे त्यांच्यात नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं, नटायचं नाही, बाहेर जायचं नाही. ती तयारीही करत होती. भावजयीला विहिरीचं काम वाटून दिलं, मला सांगितलं, आता वईपाशी येणार नाही. सकाळी मौलवीसाहेब आले. म्हातारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी विचारलं, वारले कधी? गफूरभाईनं सांगितलं. ते म्हणाले, इद्दत माणूस गेल्या दिवसापासून मोजतात, खबर आल्यापासून नाही. ते दिवस कधीच भरून गेले. आता बसायचं काही राहिलेलं नाही.

त्याच दुपारी हलीमाबी आमच्याकडे आली. डोक्यावर पदर, अंगावर कालचंच लुगडं. सासूबाई उखळाशी होत्या.

"मावशी, माझे दिवस व्हऊन गेले म्हनतात."

"कसले गं?"

"सुतकाचे म्हना तुमच्यातले. मला ठावं नसताना व्हऊन गेले." ती उंबऱ्याशी बसली. "त्या पावसाळ्यात मी काय करत व्हते? मला काय आठवत नाय. तुमाला आठवतं काय?"

सासूबाईंनी मुसळ उभं ठेवलं. "त्या पावसाळ्यात तुमची मागची भित पडली. आपन दोघी चिखल मळत व्हतो."

"मी हसत व्हते काय?"

"व्हय. माझा पाय घसरला न मी बसले चिखलात, तवा लई हसलीस."

"मंग मी हसत व्हते," ती म्हणाली. रडली नाही. मी वाट बघत होते, आता रडेल, आता रडेल. ती उठली आणि घरी जाऊन पाणी भरायला लागली. विहिरीवर बायका बाजूला झाल्या तर म्हणाली, "व्हा पुढं, माझं काय अडलेलं नाय."

आमच्याकडे त्या रात्रीपासून वरणाला फोडणी बंद झाली. मी तेल तापवायला ठेवलं होतं, सासूबाईंनी कढई उतरवली. जेवताना मामंजींनी भाताचा घास घेतला आणि विचारलं, "वरण असं का?"

"सुतक हाय."

"कुनाचं?"

"हलीमाच्या मालकाचं."

मामंजी कडक माणूस. शेजारच्या घरचं पाणीही न घेणारे. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी मामंजींकडे. मग मामंजी म्हणाले, "किती दिस?"

"आपले असतात तितके. मौलवीसाहेबांचं बरोबर आसंल, ते शिकलेले हायत. मला खबर काल कळली. मी कालपासनं मोजनार."

मामंजींनी आणखी वरण मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी एक ताट वाढलं, त्यावर दुसरं झाकलं आणि मला बरोबर घेऊन वई ओलांडली. हलीमाबी मागच्या दारी राख घेऊन भांडी घासत होती. सासूबाई म्हणाल्या, "हात धू. जेव."

"भूक नाय, मावशी."

"मी इचारलं नाय."

तिनं हात धुतले. भात कालवला, एक घास घेतला. मग थांबली, ताटाकडं बघत म्हणाली, "मावशी, फोडणी इसरलात काय?"

सासूबाई म्हणाल्या, "नाय इसरले."

हलीमाबीचा हात तसाच राहिला. मग तिनं ताट जवळ ओढलं, आणि खाली मान घालून सगळं संपवलं.